गुहागरातली तीन दिवसांची ग्रँट प्रपोजल कार्यशाळा – जाऊन आल्यावरचा माझा अनुभव

आधीच सांगते, लांब लिहिणार आहे, कारण जाण्याआधी मी स्वतः असं काही शोधत होते आणि मराठीत कुणी लिहिलेलं सापडलं नव्हतं. मी गुहागरच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कम्युनिटी मेडिसिनचं काम बघते. रिसर्च करायची इच्छा फार वर्षांची, विषयही समोरच आहे, दर पावसाळ्यात चिखलणी-लावणी झाली की तापाचे पेशंट यायला लागतात, त्यातले काही लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा आजार) निघतात, दोन-तीन जण उशिरा येतात आणि किडनी गेलेली असते. हे बघून बघून वाटायचं की यावर नीट काम व्हायला हवं, त्याला पैसे लागतात, आणि पैशासाठी प्रपोजल लिहावं लागतं. ते लिहायचं कसं हे मात्र एमडीच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

कार्यशाळेचं नाव लिहीत नाही, कारण ती घेणाऱ्या मॅडमनीच सांगितलंय, "नाव टाकू नकोस गं, एका बॅचला बारा जण घेते, त्यावर मला झेपत नाही." ज्यांना खरंच जायचंय त्यांना नंबर देईन. मॅडम रिटायर्ड शास्त्रज्ञ आहेत, बरीच वर्षं प्रपोजलं तपासायच्या कमिटीवर होत्या, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या. मी २०२४ च्या नोव्हेंबरात गेले होते. फी साडेसहा हजार, त्यात गुहागरच्या होमस्टेमधलं राहणं-जेवण धरून.

त्याआधीचा एक अनुभव सांगायलाच हवा, नाहीतर मी एवढी का भारावले ते कळणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी मी एका ऑनलाइन एजन्सीला बावीस हजार दिले होते, 'तुम्ही विषय द्या, आम्ही प्रपोजल लिहून देतो' असं म्हणणाऱ्या. आठ दिवसांत चाळीस पानं आली, दिसायला एकदम चकाचक. वाचायला घेतलं तर आमच्या तालुक्यातल्या लोकांना उसाच्या फडात काम करताना लेप्टो होतो असं लिहिलेलं. गुहागरात ऊस! आमच्याकडे भाताची खाचरं, नाचणी, आंबा, काजू, सुपारी. संदर्भांची यादी बघितली तर त्यातले दोन पेपर कुठेच सापडेनात, पबमेडवर नाहीत, जर्नलच्या साईटवर नाहीत. तरी मी घाईत थोडं दुरुस्त करून पाठवलं आणि ते नाकारलं गेलं, ते योग्यच झालं असं आता वाटतंय. पैसे परत मिळाले नाहीत. राग पैशाचा नव्हता एवढा, आमच्या माणसांच्या आजारावर कुणीतरी न बघता चाळीस पानं खरडली आणि त्यावर माझं नाव होतं, याचा होता.

तर कार्यशाळा. पहिल्या दिवशी सकाळी चहा-आंबोळी झाल्यावर मॅडमनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, लॅपटॉप बंद, तुमचं प्रपोजल कशावर आहे ते एका वाक्यात लिहा आणि वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह पाहिजे. बस. मी लिहिलं, 'रत्नागिरी जिल्ह्यातील लेप्टोस्पायरोसिसचा अभ्यास'. मॅडम म्हणाल्या हा विषय झाला, प्रश्न कुठाय? मी लिहिलं, 'रत्नागिरी जिल्ह्यात लेप्टो किती आहे?' त्या म्हणाल्या, समजा आकडा आला, मग पुढे काय करशील? कोण काय बदलेल त्या आकड्यामुळे? मला उत्तर देता आलं नाही. दुपारी जेवणापर्यंत माझे अकरा कागद झाले होते, खोटं नाही सांगत, मोजले मी.

दुपारनंतर त्यांनी विचारलं की तुझ्याकडे लोक आजारी पडू नयेत म्हणून सध्या काय करतात? म्हटलं, जोखमीच्या लोकांना आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी, २०० मिलिग्रॅम, उपकेंद्रात मिळते. घेतात का लोक? म्हटलं, नाही घेत फारसे. का? आणि इथे मला एक आजी आठवली. मागच्या जुलैत आमच्या ओपीडीत आलेली, हातात गोळ्यांचं पाकीट तसंच, एकही गोळी घेतलेली नाही. मी जरा रागावलेच तर म्हणाली, "बाय माझे, सकाळी भाकरी खायला टाईम कुठं असतो, उपाशी पोटी घेतली तर मळमळतं नि चिखलात उभं राहवत नाय." हे मी मॅडमना सहज सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हा बघ तुझा प्रश्न. एवढा वेळ बाजूला ठेवून दुसरं काय लिहीत होतीस?"

संध्याकाळपर्यंत वाक्य तयार झालं: चिखलणी-लावणीच्या सहा आठवड्यांत आशाताईने संध्याकाळी घरी जाऊन जेवणानंतर गोळी दिली, तर उपकेंद्रातून स्वतः गोळी नेण्याच्या आत्ताच्या पद्धतीपेक्षा जास्त शेतमजूर सहापैकी किमान पाच डोस पूर्ण करतात का? ह्यात कोण, काय, कशाच्या तुलनेत, काय मोजणार, किती दिवसांत, सगळं आलं. याला पिको म्हणतात हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण स्वतःच्या खाचरावर लावायचं कसं ते त्या दिवशी कळलं.

आणि मॅडम नुसतं छान छान म्हणून सोडत नाहीत. लगेच पुढचा हल्ला, की गोळीने खरंच फायदा होतो याला पुरावा काय? रिव्ह्यूअर, म्हणजे प्रपोजल तपासणारा, हेच विचारणार. मग आम्ही बसून शोधलं. १९८४ सालचा अभ्यास आहे, पनामात ट्रेनिंगला गेलेल्या अमेरिकन सैनिकांवर, आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी, गोळी घेणाऱ्या गटात एक केस आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या गटात वीस. पण २००० साली आपल्याच उत्तर अंदमानातला अभ्यास छापून आला, त्यात संसर्ग थांबला नाही, आजाराचं प्रमाण मात्र कमी झालं. मॅडमचं म्हणणं असं की दोन्ही लिहायचे, फक्त आपल्या सोयीचा नाही लिहायचा, कारण कमिटीत एखादा तरी दुसरा अभ्यास माहीत असलेला असतोच आणि तू तो लपवलास असं त्याला वाटलं की पुढची पानं तो संशयाने वाचतो. शिवाय उगाच सरसकट अँटिबायोटिक वाटल्याने रेझिस्टन्सचा (जिवाणू औषधाला दाद देईनासे होण्याचा) मुद्दा येतो, गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी द्यायची नसते, गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जळजळ होते म्हणून ग्लासभर पाणी आणि मग थोडा वेळ बसून राहायचं, हे सगळं पद्धतीत यायला हवं. जे आपण पेशंटला तोंडी सांगतो ते कागदावर लिहायचं आपल्याला सुचतच नाही.

माझ्या जुन्या प्रपोजलमध्ये पाच उद्दिष्टं होती. मॅडमनी तीन खोडली. गोळीमुळे लेप्टो कमी झाला का हे बघणं खोडलं तेव्हा मी भांडले, म्हटलं तोच तर मुख्य मुद्दा! त्यांनी शांतपणे विचारलं, चारशे माणसांत एका पावसाळ्यात लेप्टोच्या केसेस किती होतील? हातावर मोजण्याएवढ्या. मग दोन गटांतला फरक कसा दाखवशील? त्याला हजारो माणसं लागतील, तेवढे पैसे नाहीत, तेवढी माणसं नाहीत. त्यापेक्षा डोस पूर्ण होतात का एवढंच विचार, आणि दुसरं उद्दिष्ट म्हणजे जे घेत नाहीत ते का घेत नाहीत याच्या मुलाखती. जिवाणूचं जनुकीय सिक्वेन्सिंग पण गेलं, ते मी फक्त भारी दिसावं म्हणून घातलं होतं हे मला माहीत होतं.

रात्री जेवण झाल्यावर व्हरांड्यात बसून मॅडमनी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं सांगितलं. आपल्या कोकणातल्या सगळ्यांना नाव माहीत असतं, पद्मश्री मिळाली २०२२ ला, पण मॅडमनी ज्या बाजूने सांगितलं तसं मी कधी ऐकलं नव्हतं. तांबडा विंचू चावलेली धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी होऊन मरतायत, सुरुवातीला शंभरातले चाळीसएक दगावायचे, आणि हा माणूस पेशंटच्या खाटेशेजारी रात्रभर बसून नोंदी करतोय, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, बीपी कधी चढलं. त्या नोंदींतून प्रश्न निघाला, प्रश्नातून प्राझोसिन, ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी, आणि मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. लॅन्सेट या जर्नलमध्ये छापून आलं. पुढे २०११ मध्ये प्रतिविष आणि प्राझोसिनचा नीट रँडमाइज्ड (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेला) अभ्यास बीएमजे या जर्नलमध्ये. मॅडम म्हणाल्या महाडात बसून जमलं ते गुहागरात बसून का नाही जमणार. मी त्या रात्री झोपले नाही बराच वेळ, समुद्राचा आवाज ऐकत पडले होते.

दुसरा दिवस सॅम्पल साईजचा, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची त्याचा. बाराजणांपैकी सात जणांच्या प्रपोजलमध्ये आकडा एकच, ३८४! माझ्या जुन्यातही तोच. मॅडमनी फळ्यावर मांडून दाखवलं तो येतो कुठून: प्रमाण माहीत नाही म्हणून ५० टक्के धरायचं, चूक ५ टक्के चालेल म्हणायचं, ९५ टक्के खात्री, की आलं ३८४. प्रमाण २० टक्के धरलं तर तोच फॉर्म्युला २४६ देतो. म्हणजे ३८४ हा चुकीचा नाही, पण तो बघितला की रिव्ह्यूअरला कळतं की ह्यांनी स्वतःच्या प्रश्नाचा विचार न करता दुसऱ्याच्या थिसिसमधून उचललाय. आणि माझा प्रश्न तर प्रमाण मोजायचा नव्हताच, दोन गटांच्या तुलनेचा होता, त्याला हा फॉर्म्युलाच चालत नाही.

मग माझं गणित सगळ्यांसमोर केलं. समजा आत्ता ४० टक्के लोक डोस पूर्ण करतात आणि आपल्याला ते ६० टक्क्यांवर न्यायचेत, ८० टक्के पॉवर (खरंच फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता), तर एका गटात ९५ माणसं लागतात. पण आपण माणसं वेगवेगळी निवडत नाही, उपकेंद्र निवडतोय, आणि एका उपकेंद्राची माणसं एकमेकांसारखी वागतात, एका वाडीत एकीने गोळी घेतली की शेजारीण घेते, एकीला उलटी झाली की पूर्ण वाडी बंद. म्हणून प्रत्येक उपकेंद्रातून २० माणसं धरली तर आकडा साधारण दुप्पट होतो, ९५ चे १८६ होतात, त्यात सोडून जाणारे दहा टक्के धरले की २०७, म्हणजे एका बाजूला ११ उपकेंद्रं, दोन्ही मिळून २२. एका तालुक्यात भागेना म्हणून दोन तालुके घेतले. हे गणित वाडीच्या भाषेत ऐकल्यावर मला क्लस्टर (एकेक माणूस न निवडता अख्खा गट निवडणं) हा शब्द पहिल्यांदा खरा वाटला. पण हे सत्र फक्त दोन तासांचं होतं आणि ते फार कमी आहे, मागे बसलेल्या दोघांना तर शेवटी शेवटी काही कळलंच नाही, त्यांची प्रपोजलं लॅबची होती आणि त्यांच्यासाठी वेगळं उदाहरण घ्यायला वेळ उरला नाही. माझी पहिली तक्रार ही. स्टॅटिस्टिक्सला पूर्ण दिवस द्या मॅडम, हे मी त्यांनाही सांगितलंय.

दुपारी जे झालं ते मी कुठेच बघितलं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या प्रपोजलचा मराठीतला सोपा गोषवारा लिहायचा, अर्धं पान, आणि तो होमस्टेच्या काकींना वाचून दाखवायचा. काकी पासष्टीच्या, घरची शेती अजून बघतात. त्या मागच्या पडवीत नारळ खवत बसलेल्या, हात चालूच, ऐकत होत्या. माझं ऐकून झाल्यावर खवणी थांबवली आणि म्हणाल्या, "अगो, पण संध्याकाळची घरोघर फिरणार कोण? पावसात, काळोखात, विंचवाकाट्याचं? आणि त्या बाईला त्याचे पैसे कोण देणार?" मी गप्प. माझ्या बजेटमध्ये आशाताईंच्या मानधनाची एक ओळसुद्धा नव्हती. लॅपटॉप होता, प्रिंटर होता, कॉन्फरन्सचा प्रवास होता. ज्या बाईवर सगळा अभ्यास उभा आहे तिच्यासाठी शून्य. त्या दिवशी बजेटमध्ये दर भेटीमागे मानधन, बॅटरी आणि रेनकोट आले. आणि पुढे रिव्ह्यूअरच्या कमेंट्स आल्या तेव्हा एकाने नेमकं ह्याच ओळीचं कौतुक केलं होतं.

बाकीच्यांचंही सांगते, कारण दुसऱ्याचं ऐकून जास्त शिकायला मिळालं. सावंतवाडीकडचे एक जनावरांचे डॉक्टर होते, त्यांचा विषय गोचिडींतून होणारा माकडताप. दोडामार्गात २०१६ मध्ये साथ आली तेव्हापासून ते गोचिडींच्या मागे आहेत, माणूस एवढा तळमळीने बोलायचा की ऐकत राहावं. पण प्रपोजलमध्ये व्हायरस वाढवून तपासणार असं लिहिलं होतं आणि कुठल्या लॅबमध्ये ते लिहिलंच नव्हतं. हा व्हायरस साध्या लॅबमध्ये हाताळता येत नाही, बीएसएल-३ किंवा त्याहून वरची, खास बंदिस्त सुरक्षित लॅब लागते, मग पुण्याच्या एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) सारख्या संस्थेशी आधी बोलून त्यांचं पत्र जोडलंच पाहिजे, त्याशिवाय कमिटी पहिल्या पाच मिनिटांत बाजूला ठेवते. मालवणच्या एक मायक्रोबायोलॉजिस्ट ताई होत्या, पावसाळी तापांत लेप्टो कुठला, स्क्रब टायफस कुठला, डेंगी कुठला हे ओळखण्यावर काम करायचं होतं त्यांना. मॅडमनी विचारलं, पेशंट तापाच्या कितव्या दिवशी येतो? कारण लेप्टोची आयजीएम टेस्ट (रक्तातली प्रतिपिंडं बघणारी) पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्तावर पीसीआर (थेट जिवाणूचा अंश शोधणारी टेस्ट) पाहिजे, आणि मॅट ही प्रतिपिंडांची दुसरी टेस्ट करायची तर दोन वेळा रक्त घेऊन प्रतिपिंडांत चौपट वाढ दाखवावी लागते. एकदा घरी गेलेला पेशंट दुसऱ्या रक्तासाठी परत येतो का? आमच्याकडे तर येत नाही. आणि ताईंनी लिहिलं होतं की सॅम्पल बर्फात नेणार. बर्फ कुठून? बंदरावरच्या कारखान्यातून. पण जून-जुलैत मासेमारी बंद आणि त्यांच्या बंदरावरचा कारखाना पण तेव्हा बंद असतो, हे त्यांना बोलता बोलताच आठवलं! म्हणजे ज्या दोन महिन्यांत सॅम्पल गोळा करायचं त्याच दोन महिन्यांत बर्फ नाही. मग डीप फ्रीजर, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, आणि तो का हवा याची एक ओळ. दिल्लीत बसलेल्या माणसाला मालवणातला पाऊस दिसत नाही, तो आपण दाखवायचा.

तिसऱ्या दिवशी वेळापत्रक. मॅडमचा एकच प्रश्न सगळ्यांना: "प्रोजेक्ट तीन वर्षांचा, पण पावसाळे किती?" मी म्हटलं तीन. त्या म्हणाल्या, मंजुरीचं पत्र आलं समजा फेब्रुवारीत, पैसे खात्यात एप्रिलमध्ये, जाहिरात-मुलाखती-माणसं भरायला जून उजाडला, ट्रेनिंग व्हायचंय, तोपर्यंत चिखलणी आटोपली. पहिला पावसाळा गेला. तिसऱ्या वर्षीचा आकडेमोडीत आणि रिपोर्टात. हातात खरा एकच, फार तर दीड. मग मी सगळं एका पावसाळ्यात बसवलं, पहिला पावसाळा फक्त फॉर्म तपासून बघायला आणि दुसरा खरा. शिमग्यात मार्चमध्ये गाव भरलेलं, गणपतीत कुणी मुलाखत देणार नाही, लावणीच्या वेळी दिवसा घरात कुणी भेटणार नाही, हे सगळं चार्टवर आलं.

एथिक्सचं, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसांचं हित जपण्याचं, सत्र छोटं पण कामाचं. आमच्यासारख्या छोट्या हॉस्पिटलात एथिक्स कमिटी नसते, तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीशी लेखी करार करावा लागतो, आणि ती कमिटी नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे नोंदलेली आहे का ते आधी विचारायचं. माझा अभ्यास हस्तक्षेपाचा म्हणून पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर (असे अभ्यास नोंदायची देशाची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र, कारण आशाताई सरकारच्या. खाजगी ट्रस्ट असेल तर बऱ्याच ठिकाणी डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता मागतात, आमची होती म्हणून वाचलो, नाहीतर बाकी सगळं लिहून उपयोग नव्हता. हे कागद गोळा करायला लिहिण्यापेक्षा जास्त दिवस जातात, मला दोन महिने लागले.

पहिल्या पानावर मॅडम खूप वेळ देतात. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या प्रपोजलला उद्दिष्टांचं एकच पान असतं, त्यांनी ते सरावासाठी घेतलं. आपल्याकडचे फॉर्म वेगळे आहेत, पण म्हणाल्या एका पानात मांडता आलं नाही तर तीस पानांतही येत नाही. जानेवारी २०२५ पासून एनआयएचमध्ये तपासणीचे मुद्दे पाचाचे तीन होणार होते, विषय किती महत्त्वाचा, पद्धत किती पक्की आणि जमण्यासारखी आहे का, आणि माणसं-सोयी पुरेशा आहेत का, तेही सांगितलं. मग आम्ही एकमेकांचं पान दहा मिनिटांत वाचून, कागद उलटा ठेवून, काय आहे ते तोंडी सांगायचं. माझं ज्यांनी वाचलं त्यांना आशाताई, संध्याकाळ आणि गोळी एवढं आठवलं. मॅडम म्हणाल्या पुरे.

आता कमी पडलं ते. बजेटचं सत्र शेवटच्या दुपारी उरकलं, सगळ्यांचं लक्ष परतीच्या एसटीकडे. एकाने जेआरएफचे (ज्युनियर रिसर्च फेलो, त्याचं महिन्याचं मानधन) जुने ३१ हजार धरले होते, २०२३ पासून ३७ हजार झालेत, ते दुरुस्त झालं, पण खर्चाचा हिशोब पुढे कसा द्यायचा, युटिलायझेशन सर्टिफिकेट कसं भरायचं, खरेदी कशी, यावर वीस मिनिटं पण नाही. मंजुरी मिळाल्यावर मला सगळ्यात जास्त त्रास ह्याच गोष्टींचा झालाय. दुसऱ्या दिवशी बाहेरून एक पाहुणे आले होते, त्यांनी दोन तास स्लाइड वाचून दाखवल्या, धोरणं, योजनांची नावं, त्यापेक्षा तेवढा वेळ काकींना दिला असता तरी चाललं असतं, हे मी मनापासून म्हणतेय. हॉलमध्ये नेटवर्क नाही, पेपर डाउनलोड करायला रस्त्यापर्यंत जावं लागायचं.

जेवणाला मात्र पैकीच्या पैकी. कुळथाचं पिठलं-भात, सोलकढी, एका रात्री सुरमई, शाकाहारी लोकांना केळफुलाची भाजी. खोल्या साध्या, स्वच्छ.

आणि मुख्य म्हणजे तीन दिवसांनंतर सोडून देत नाहीत. मी जानेवारीत प्रपोजल पाठवलं, जुलैत कमेंट्स आल्या, त्यातली एक फार टोकाची वाटली मला, की एका गावातली गोळी शेजारच्या गावात जाणार, बाजारात बायका भेटणार, मग तुलना कसली? मी चिडून लांबलचक उत्तर लिहिलं आणि मॅडमना पाठवलं. फोन आला, "ह्यातला राग काढ, मग उरेल ते पाठव. त्याचं म्हणणं बरोबर आहे." खरंच बरोबर होतं. मग दोन गटांच्या उपकेंद्रांमध्ये एक गाव मोकळं सोडायचं ठरवलं, नकाशा जोडला, आणि प्रत्येक मुद्द्याला रिव्ह्यूअरचं वाक्य, खाली माझं उत्तर, कुठल्या पानावर बदल केला ते, असं पत्र लिहिलं. या फोनचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

ह्या जानेवारीत मंजुरी आली. गाडीभाड्याला कात्री लागली, कॉन्फरन्सचा प्रवास पूर्ण उडाला. आशाताईंचं मानधन एक रुपयाही कमी झालं नाही. पत्र आलं तेव्हा मी ओपीडीत होते, पेशंट संपेपर्यंत कुणाला सांगितलं नाही आणि मग पहिला फोन काकींना केला, त्यांच्याकडून मॅडमना कळलं.

पुढची बॅच गणपतीनंतर आहे म्हणतात. जाणार असाल तर प्रपोजल अर्धं लिहिलेलं असू दे, कोऱ्या हाताने गेलात तर पहिला दिवस जड जाईल. तुमच्या ओपीडीतला किंवा लॅबमधला एखादा पेशंट, एखादी नोंद डोक्यात घेऊन जा. चिपळूणहून सकाळची एसटी धरली तर वेळेत पोचता. एक्स्टेन्शन बोर्ड घरून न्या, हॉलमध्ये प्लग दोनच आहेत आणि माणसं बारा.